न फसफसलेलं मलम

१

फौजदार नानासो बर्गे त्या शुक्रवारी सकाळी माझ्या दवाखान्यात आले, पण बसले नाहीत.

"बसा की," मी म्हणालो.

"बसता येत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

१९४४ सालचा एप्रिल महिना होता. माळवंडी हे सातारा जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाचं गाव. कागदोपत्री साताऱ्याचं, पण बाजार, शाळा, सोयरीक सगळं सांगलीकडं. तिथल्या दवाखान्यात मला लागून आठ महिने झाले होते. कुणी "डॉक्टर आगाशे" अशी हाक मारली की अजून मीच मागं वळून बघायचो, कोण मोठा माणूस आला म्हणून.

फौजदारांना पडद्याआड नेऊन तपासलं. जिथं खोगीर लागतं, नेमकी तिथली कातडी पांढरट पडून कडेनं लालभडक झाली होती.

"काय लावलंत?"

"जुना नायटा आहे. राहीबाईचं मलम लावतो. पहिला डबा लावला, चांगला गुण आला. काल संध्याकाळी आंघोळ करून दुसरा डबा फोडला आणि पाच मिनिटांत घरभर नाचलो! सोमवारी आमचे साहेब महाबळेश्वराहून उतरताहेत तपासणीला. घोडीवर बसून सलामी द्यायचीय मला. घोडीवर, डॉक्टर!"

त्यांच्यामागं शिपाई गुंडा डबा हातात धरून ताठ उभा होता. ऐन उन्हाळ्यात त्याच्या पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरी पट्ट्या. एरवी हा माणूस दारात उभा राहिला की काठीनं पिंढरी खाजवत असायचा. आज पुतळ्यासारखा स्तब्ध होता. साहेबांच्या धाकानं असेल, असं मला वाटलं.

मी डबा उघडला. कापराचा दणकून वास आला. पण त्याच्या आडून आणखी काहीतरी नाकाला झोंबलं. फौजदारांना ते कळलं नसणार, कारण ते दिवसातून वीस वेळा तपकीर ओढायचे. मी मलमाचा गोळा गरम पाण्यात ढवळला, पाणी गाळलं आणि त्यात फेरिक क्लोराईडचे चार थेंब टाकले. पाणी जांभळंगर्द झालं.

"कार्बॉलिक!" मी म्हणालो. माझा आवाज मलाच फार भारदस्त वाटला. "मोरीत टाकायचं औषध. कातडी जाळतं."

खात्री म्हणून बाजारातून राहीबाईचा दुसरा एक डबा आणवला. त्यावरही फेरिक क्लोराईडची तीच परीक्षा केली. तेही पाणी जांभळं झालं.

मी दाखला लिहून दिला आणि तासाभरात राहीबाईला चावडीतल्या कोठडीत घातलं.

२

राहीबाई मूळची आटपाडीकडची. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली, पन्नाशीची, उंच आणि काटक. नवरा गेल्यावर दहा वर्षं तिनं मिरजेच्या एका दवाखान्यात आयाचं काम केलं आणि तिथंच नायट्याचं मलम करायला शिकली. सॅलिसिलिक आम्लाची पूड, व्हॅसलीन आणि कापूर. ते आम्ल बारीक सुयांसारखं दिसतं म्हणून ती त्याला "सुयांचं पीठ" म्हणायची. तिच्या डब्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली असे. माळवंडीत चार विधवा तिच्याबरोबर मलम घोटून आणि बाजारात विकून पोट भरत.

फौजदारांच्या मते तिला सूड घ्यायचा होता. पंधरा दिवसांपूर्वी भूमिगत पोरं शोधायला पोलिसांनी तिच्या घराची झडती घेतली होती. पोरं सापडली नाहीत, पण गुंडानं मलमाचं भरलेलं पातेलं लाथेनं उलटं केलं. त्यावर राहीबाई चारचौघांत म्हणाली होती, "ह्याची फळं भोगशीला!"

"हा सरकारवर हल्ला आहे," फौजदार म्हणाले. "सोमवारी साहेबांपुढं उभी करतो आणि तिथूनच साताऱ्याला धाडतो. आणि तिचे सगळे डबे जाळून टाकायचे."

दुपारी तिची तब्येत बघायला म्हणून मी चावडीत गेलो. ती भिंतीला टेकून निवांत बसली होती.

"डाक्टर सायेब, तुमी म्हनं पानी जांबळं केलंसा."

"हो. कार्बॉलिक निघालं."

"मिरजंला धा वर्सं फरश्या पुसल्या त्या औशदानं. त्येचा वास मला झोपंत बी कळंल. माज्या मलमात त्ये न्हाई."

"पण राहीबाई, रंग आला ना."

"रंग आला म्हंजी काय झालं?" ती शांतपणे म्हणाली. "मी सांगत्ये त्यात न्हाई, तर न्हाई."

मी बाहेर आलो. दवाखान्याच्या पायरीवर कोंडीबा मेंढका बसला होता. त्यानं बाही वर केली. दंडावरचा नायटा वाळून खपली धरत होता.

"ह्यो बगा. राहीबाईचं मलम, येकाच घोटणीतला डबा, फौजदाराचा आन् माजा. मी आठ दीस लावतुया. मला कसं भाजलं न्हाई वो?"

मी त्याच्या डब्यातलं मलम घेऊन तीच परीक्षा केली. पाणी जांभळं झालं.

मग मी त्यातलंच थोडं मलम माझ्या मनगटाला चोळलं आणि घड्याळ घेऊन बसलो. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. थंडगार वाटत होतं. कार्बॉलिक असतं तर एव्हाना मी ओरडत सुटायला हवा होतो.

माझ्या दाखल्यावर एक बाई कोठडीत बसली होती, आणि माझा दाखला चुकला होता. पण कुठं चुकला, हे मला कळत नव्हतं.

३

शनिवारी सकाळच्या मोटारीनं सांगली गाठली. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं; मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असे आणि तिच्या वायूवर ती खोकत चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. मी काळा होऊन उतरलो.

लीलाबाई निकम मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे वडील पलटणीत सुभेदार. त्यांनी भावकीचा विरोध पत्करून मुलीला बी. एस्सी. केलं होतं. इंटरला आम्ही एका वर्गात होतो. तिचा पहिला नंबर यायचा. माझा यायचा एवढंच.

शाळा सुटत होती. मी सगळी हकिकत सांगितली. ती ऐकता ऐकता ओठ दाबून हसत होती आणि शेवटी मोठ्यानं हसली.

"डॉक्टर, इंटरच्या प्रॅक्टिकललाही तुम्ही हेच केलं होतं. जांभळा रंग म्हणजे कार्बॉलिक, असं पुस्तकात कुठं लिहिलंय? जांभळा रंग म्हणजे फिनॉल घराण्यातलं कुणीतरी. कार्बॉलिक त्या घराण्यातलं आहेच. पण राहीबाईचं सॅलिसिलिक अर्धं तिथलं आणि अर्धं आम्लांच्या घरचं. त्यालाही जांभळा रंग येणारच."

माझे कान तापले. "म्हणजे माझ्या परीक्षेला काही अर्थच नाही?"

"अर्थ आहे, अपुरा आहे. रंगानं दोघं सारखे दिसले तर वायूला विचारायचं. खायचा सोडा टाका. सॅलिसिलिक खरं आम्ल आहे, ते सोड्यातून कार्बन डायॉक्साईड हुसकून काढतं. चांगलं फसफसतं. कार्बॉलिकला लोक ॲसिड म्हणतात खरं, पण त्याच्या अंगात तेवढा जोर नाही. सोड्यापुढं ते गप्प बसतं."

"आणि दोन्ही डबे फसफसले तर?"

"तर फौजदारांना भाजलं कशानं, ते शोधायचं. एक फसफसला आणि दुसरा नाही, तर दुसऱ्या डब्यात कुणी हात घातला, ते शोधायचं." तिनं कपाटातून पिशवी काढली. परीक्षानळ्या, वाकडी काचनळी, खायचा सोडा, चुन्याची निवळी. मग एक बुटकी बाटली जपून वर धरली. आत रॉकेलमध्ये चंदेरी खडे बुडालेले होते. "हा सोडियम. पाण्याची ओल लागली तर पेट घेतो, म्हणून रॉकेलमध्ये ठेवतात. त्यात तो महिनोन्महिने गप्प असतो."

"तो कशाला?"

"सोड्यापुढं गप्प बसणाऱ्याला बोलतं करायला. चला, उशीर केला तर परतीची मोटार चुकेल. ती ढकलावी लागते ना? मग मी चपला बदलून येते."

४

दुपारी आम्ही फौजदारांच्या घरी पोचलो. दारात गुंडा उभा होता. फौजदारांनीही आमचं स्वागत उभ्यानंच केलं. एक बाई तपास करणार, हे ऐकून त्यांनी दोन चिमट्या तपकीर ओढली.

"सुभेदार निकमांची मुलगी?" ते म्हणाले. "मग विचारा. पण सोमवारच्या आत."

"डबा कधी आला?" लीलाबाईनं विचारलं.

"रविवारी. माझ्या नावानं गुंडानं बाजारातून आणला. कोनाड्यात ठेवला होता. गुरुवारी मी उघडला."

"पट्टी होती?"

"होती. मी स्वतः नखानं फोडली. म्हणजे मध्ये कुणी उघडला नाही. राहीबाईकडूनच तसा आला."

मी लीलाबाईकडं बघितलं. माझ्या डोळ्यांपुढं कोठडीचं दार पुन्हा बंद झालं. तिनं मात्र फाटकी पट्टी मागून घेतली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ उलटसुलट केली. मग वहीत ठेवली.

फौजदारांच्या पत्नी शालूबाई खंडाळ्याकडच्या. त्यांनी पन्हं आणलं.

"मी त्या डब्याला हात लावत नाही बाई," त्या म्हणाल्या. "गुरुवारी यांनी ते लावलं तेव्हा मी म्हटलं, तुमच्या अंगाला पागेचा वास येतोय. तर म्हणाले, फौजदाराच्या अंगाला पागेचा नाही तर काय मोगऱ्याचा येणार? आणि मग लागले नाचायला."

त्यांना हसू आवरेना. फौजदारांनी भिंतीकडं तोंड केलं.

"रविवारपासून घरात कोण कोण आलं?"

"मंगळवारी आकाराम वैद्य आले होते. ओसरीवर बसले, सुपारी खाल्ली, गेले. बाकी आम्ही दोघं आणि गुंडा. तो जेवायलाही आमच्याकडंच असतो."

आकाराम वैद्य दोन घरं टाकून राहायचे. त्यांचा स्वतःचा नायट्याचा लेप होता आणि राहीबाई आल्यापासून तो कुणी घेत नव्हतं. त्यांनी आम्हाला बघताच उजवा हात उपरण्याखाली घेतला.

"ती बाई विष विकते, विष! मी फौजदारांना मंगळवारी तेच सांगायला गेलो होतो."

"डबा बघितलात?"

"मी कशाला बघू?" वैद्य जास्तच जोरात म्हणाले. "मी ओसरीवरून आत पाऊल टाकलं नाही. आणि आता मला जप आहे."

दार लागलं. मी कुजबुजलो, "हात बघितलात? लपवत होते. काहीतरी आहे."

"आहे खरं," लीलाबाई म्हणाली.

"आपला चोर हाच!"

"घाई नको, डॉक्टर. कालचीच एक घाई अजून निस्तरायचीय." तिनं वही उघडून पट्टी माझ्यापुढं धरली. "राहीबाई पट्टी कशानं चिकटवते?"

"चिंचोक्याच्या खळीनं. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग हे काय?"

पट्टीच्या मागं चिंचोक्याचा तपकिरी थर वाळलेला होता. आणि त्या थरावर, चपटं होऊन चिकटलेलं, शिजलेल्या भाताचं एक शीत होतं.

५

रविवारी सकाळी चावडीपुढच्या लिंबाखाली टेबल मांडलं. अर्धं गाव जमलं. राहीबाईला बाहेर आणून बाकावर बसवलं. फौजदार खांबाला टेकून उभे, शालूबाई पदराआड, वैद्य मागं, गुंडा पुढं लोकांना हटवत.

लीलाबाईनं तीन नळ्या घेतल्या आणि मोठ्यानं सांगत गेली, वर्गात सांगावं तसं.

"पहिल्या नळीत कोंडीबाच्या डब्यातलं मलम. दुसऱ्या नळीत बाजारातल्या डब्यातलं. तिसऱ्या नळीत फौजदारसाहेबांच्या. तिन्हींत रॉकेल घालते. व्हॅसलीन रॉकेलमध्ये विरघळतं आणि आतला मसाला मोकळा होतो. आता सोड्याचं पाणी."

पहिल्या नळीत सोड्याचं पाणी पडलं, तिनं बूच लावून नळी हलवली. नळी गोटीच्या सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. बुचातून निघालेल्या वाकड्या काचनळीचं टोक तिनं चुन्याच्या निवळीत बुडवलं होतं. निवळीत बुडबुडे आले आणि बघता बघता ती ताकासारखी पांढरी झाली. दुसऱ्यांदा वायू एका पेल्यात जमवून तिनं जळती काडी आत धरली. काडी विझली.

"निवळी दुधाळ करतो, जाळ विझवतो. कार्बन डायॉक्साईड. म्हणजे आत खरं आम्ल आहे. राहीबाईच्या सुयांचं पीठ."

दुसरी नळीही तशीच फसफसली. लोकांत कुजबुज झाली. राहीबाई पुढं झुकून बघत होती.

तिसऱ्या नळीत सोड्याचं पाणी पडलं. लीलाबाईनं ती हलवली, पुन्हा हलवली, फौजदारांच्या नाकापुढं धरली.

काही नाही. एक बुडबुडा नाही.

"ह्यात सॅलिसिलिकचा कणही नाही," ती म्हणाली. "मग काय आहे? ते सोड्याला उत्तर देत नाही. सोडियमला देतंय का बघू."

तिनं दोन कोरड्या नळ्या घेतल्या. एकीत कोरं व्हॅसलीन, दुसरीत फौजदारांचं मलम, दोन्हींत रॉकेल. चिमट्यानं सोडियमचे मुगाएवढे दोन तुकडे एकेकीत सोडले. पहिल्या नळीतला तुकडा तळाशी निवांत पडून राहिला. दुसऱ्या नळीतल्या तुकड्याला आधी दोन, मग दहा, मग असंख्य बारीक बुडबुडे लागले. तो वायू तिनं पाण्यावर उलट्या धरलेल्या नळीत जमवला, सगळ्यांना दोन पावलं मागं सरकवलं आणि नळीच्या तोंडाशी काडी नेली.

फट्!

पुढचे चार जण आणखी दोन पावलं मागं सरकले. गुंडा सगळ्यात जास्त.

"हायड्रोजन. सोडियम आम्लातूनसुद्धा हायड्रोजन काढतो, पण आम्ल असतं तर मघाशी सोड्यात फसफसलं असतं. सोड्यापुढं गप्प, सोडियमपुढं हायड्रोजन, आणि डॉक्टरांच्या परीक्षेत जांभळं. शिवाय नाकाला झोंबणारा वास आणि पांढरी पडलेली कातडी. हे कार्बॉलिकच. डॉक्टरांनी फौजदारांच्या डब्याचं निदान बरोबर केलं होतं. चूक झाली ती बाजारातल्या डब्याच्या निदानात."

माझं काम उरलं होतं. मी खिशातून दाखल्याची माझ्याकडची प्रत काढली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी आहे. राहीबाईच्या मलमात कार्बॉलिक नाही. मी अर्धी परीक्षा करून पूर्ण दाखला दिला." आणि कागद फाडला.

"मग ह्या डब्यात आलं कुठून?" फौजदार ओरडले. "मला मारायला कोण निघालंय?"

"कुणीच नाही," लीलाबाई म्हणाली. "तिथंच आपण सगळे चुकलो."

६

"ज्याला तुम्हाला अपाय करायचा आहे," ती म्हणाली, "तो चांगल्या मलमात थोडं कार्बॉलिक मिसळेल आणि निघून जाईल. मग मसाला शिल्लक राहिला असता आणि तिसरी नळी थोडी तरी फसफसली असती. ती जराही फसफसली नाही. म्हणजे राहीबाईचं मलम कुणीतरी बोटानं निपटून सगळंच्या सगळं काढून घेतलं. चोराला कार्बॉलिक घालायचं नव्हतं. त्याला मलम हवं होतं. दुसरं भरलं ते केवळ डबा रिकामा दिसू नये म्हणून."

"नायट्याचं मलम चोरलं?" वैद्य मागून म्हणाले. "बाजारात मिळतं की!"

"तुम्हाला मिळतं, वैद्यबुवा. कोंडीबाकडून मागवता ना? काल त्यानंच मला सांगितलं."

कोंडीबा खाली बघून हसला. "दर म्हैन्याला येक डबा. हाताला लावत्यात."

वैद्यांचं उपरणं घसरलं. बोटांवर नायट्याचे डाग होते, बरे होत आलेले. लोक खो खो हसले आणि वैद्य लिंबाच्या बुंध्यामागं गेले.

"तर चोर असा माणूस आहे," लीलाबाई पुढं म्हणाली, "ज्याला नायटा आहे, पण राहीबाई त्याला मलम देणार नाही आणि दुसऱ्याकडून मागवलं तर गाव हसेल. तो रविवार ते गुरुवार त्या कोनाड्यापाशी जाऊ शकत होता. त्यानं पट्टी परत चिकटवली ती भाताच्या शितानं; रेशनच्या दिवसांत माळवंडीत रोज भात फक्त फौजदारांच्या घरी शिजतो, कारण शालूबाईंच्या माहेराहून तांदूळ येतो. वैद्य ओसरीवरून उठून गेले, ते जेवले नाहीत. उरलं कार्बॉलिक. डॉक्टर, तुमची बाटली?"

"कुलुपात. आणि ते पातळ आहे, मलम नाही."

"व्हॅसलीनमध्ये घोटलेलं कार्बॉलिक गावात आणखी कुठं आहे?"

फौजदारांचं तोंड उघडं राहिलं. "पागेत," ते हळूच म्हणाले. "घोडीच्या खुरांना लावायचं. वर्षाला एक मोठा डबा येतो."

"शालूबाईंना तो वास लगेच ओळखू आला होता. वरून देवघरातला कापूर कुस्करून घातला, तरीसुद्धा."

आता सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. गुंडा टेबलापाशी काठी धरून उभा होता. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"गुंडा," लीलाबाई अगदी मायेनं म्हणाली, "मागच्या आठवड्यापर्यंत काठीनं पिंढऱ्या खाजवायचास, असं डॉक्टर म्हणाले. काल दुपारभर मी बघत होते. एकदाही खाजवलं नाहीस. पट्ट्या सोड."

गुंडानं खाली बसून पट्ट्या सोडल्या. दोन्ही पिंढऱ्यांवर मोठमोठे गोल चट्टे होते, आणि त्यांच्यावर कापराच्या वासाचं पांढरं मलम. चट्टे सुकत चालले होते.

"सायेब," तो रडकुंडीला आला, "लय आग व्हायची वो. ह्या लोकरीच्या पट्ट्यांनी पाय सडलं. राहीबाईकडं कोन्या तोंडानं जानार? तिचं पातेलं म्याच लाथाडलं. म्हनलं, सायबास्नी निम्मं बरं वाटलंय, त्येंचं भागंल. घोडीचं बी मलमच हाय की. घोडी कवा वराडली न्हाई, म्हनलं सायेब बी न्हाई वराडायचं."

मग पदराआडून शालूबाईंचं हसू फुटलं. ते थांबेना. चावडीपुढं एकच हशा झाला. फौजदार आधी लाल झाले, मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि अखेर तेही हसले. पण हसताना दुखलं म्हणून कळवळले.

"आणि हा गधडा," ते म्हणाले, "त्या बाईला कोठडीत घालताना कुलूप लावायला पुढं होता!"

गुंडानं मान खाली घातली. "त्येचंच वाईट वाटतंय. दोन दीस भाकर गोड लागली न्हाई. सांगायला निगायचो, पर सायबांचं त्वांड बगून पाय मागं यायचं."

फौजदार राहीबाईकडं वळले. तपकिरीच्या डबीशी चाळा करत म्हणाले, "बाई, तुला मोकळं केलंय. चूक झाली. पातेल्याचीसुद्धा."

राहीबाई उठली आणि गुंडापुढं जाऊन उभी राहिली. तो अंग चोरून बसला. तिनं त्याची पिंढरी निरखून बघितली.

"लय जाड थापलंस रं," ती म्हणाली. "पातळ लावायचं. आन् लोकरीखाली सुती फडकं घाल. दर ऐतवारी ये माज्याकडं. तू मलम घोटायचं, मी पाय बगीन. पातेलं सांडलंस तेवडं घोटून झालं की तू मोकळा." मग फौजदारांकडं बघून म्हणाली, "आन् सायेब, तुमी आठ दीस निस्तं लोनी लावा. धुतल्यालं."

सोमवारी साहेब आले. फौजदारांनी सलामी जमिनीवर उभं राहून दिली. घोडीचा खूर दुखावलाय, असं कारण सांगितलं. साहेबांनी काळजीनं विचारलं, "औषध लावलं का?" तेव्हा गुंडाला खोकल्याची उबळ आली.

७

पावसाळ्यानंतर मी सांगलीला गेलो, तेव्हा लीलाबाईच्या वर्गात डोकावलो. मुलींच्या बाकांच्या शेवटी, धुवट लुगड्यातली राहीबाई मांडी घालून बसली होती. महिन्यातून एक शनिवार ती मोटारीनं यायची.

"शिकायला आलिया," ती मला म्हणाली. "पुन्यांदा कुनी डाक्टर दाखला घेऊन आला तर आपल्याला बी वायू वळकाय यायला पायजे."

मुली हसल्या. मीही हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

लीलाबाईनं चुन्याच्या निवळीचा पेला तिच्यापुढं ठेवला आणि हातात काचनळी दिली. "राहीबाई, यात फुंका बघू. हळूहळू."

राहीबाईनं फुंकलं. निवळीत बुडबुडे आले. ती फुंकत राहिली, आणि निवळी गढूळली, मग दुधासारखी पांढरी झाली. तिनं नळी तोंडातून काढली. एकदा पेल्याकडं बघितलं, एकदा लीलाबाईकडं.

"ह्यो तर त्योच," ती म्हणाली. "सोड्यातला. माज्या आत कसा?"

"सगळ्यांच्या आत असतो. श्वास सोडतो ना आपण, त्यात."

"फौजदाराच्या बी?"

"त्यांच्याही. गुंडाच्याही."

राहीबाईनं शेजारच्या लहान मुलीचा पेला पुढं ओढला, तिच्या हातात नळी दिली आणि म्हणाली, "फुंक गं पोरी. तुज्यातला बी बगू दे मला."